तळ्यातला बोंबील

वेळशेतच्या तळ्यात बोंबील सापडल्याची बातमी सोमवारी सकाळी गावात पसरली, आणि दुपारपर्यंत गावातला प्रत्येक माणूस दुसऱ्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघू लागला.

बोंबील समुद्रात राहतो. वेळशेत सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. समुद्र तिथून साठ किलोमीटर लांब आणि सातशे मीटर खाली. एवढा घाट चढून यायचं एखाद्या बोंबलाने मनावर घेतलं असतं, तरी वाटेतल्या दोन चेकनाक्यांवर तो कुणाच्या तरी नजरेला पडलाच असता. मग तो आला कुठून?

खरं तर बोंबील कुणी पाहिलाच नव्हता. शंकारावांनी तो शोधला होता, तोही पाण्याच्या एका बरणीत, जिच्यात पाण्याशिवाय दुसरं काहीही दिसत नव्हतं.

शंकाराव म्हणजे यंत्रमानव. जिल्ह्याच्या फिरत्या प्रयोगशाळेबरोबर तो गावोगाव जाई. कागदोपत्री त्याचं नाव ‘जीवशोधक क्रमांक सात’ असं होतं, पण या कामावर येण्यापूर्वी तो नऊ वर्षं विमानतळावर प्रवाशांच्या पिशव्या तपासत असे आणि ती सवय त्याच्या अंगात मुरली होती. गावात आल्या आल्या त्याने सरपंचांनी दिलेला हार उलटासुलटा करून पाहिला. त्या दिवसापासून पोरांनी त्याला शंकाराव म्हणायला सुरुवात केली.

आणि ती बरणी होती जाई खोराटेची. जाई सातवीत होती. महिन्यापूर्वी एका पहाटे तिने तळ्यात पाणमांजर पाहिलं होतं. चपटं डोकं, लांब मिशा, तोंडात मासा. तिने ते शाळेत सांगितलं. वर्गाने ते मुंगूस असणार असं ठरवलं. घरी सांगितलं. वडिलांनी ते इनामदारांचं ओलं कुत्रं असणार असं ठरवलं. एरवी जाईने तेवढ्यावर सोडून दिलं असतं, पण तळं बुजवून तिथे उडत्या टॅक्सीचा थांबा करायचं घाटत होतं. येत्या शनिवारच्या ग्रामसभेत ठराव होणार होता. गावातून उडत्या टॅक्सीने जाणारा माणूस आजवर एकच, तो म्हणजे सरपंच दौलतअण्णा हळदणकर. ते एकदा गेले होते आणि त्यांना मळमळलं होतं. पण थांबा झाला की प्रवासी येतील, आणि प्रवासी आले की तळ्याकाठच्या त्यांच्या ‘हॉटेल पावित्र्य (शुद्ध शाकाहारी)’मध्ये जेवतील, असा त्यांचा दूरचा विचार होता.

नियम मात्र एक होता. पाण्यात संरक्षित प्राणी राहतो असं सिद्ध झालं, तर ते पाणी बुजवता येत नाही, आणि पाणमांजर संरक्षित आहे. म्हणून जाईने तळ्याचं पाणी बरणीत भरून शंकारावांकडे दिलं होतं. अहवाल आला तो असा: बेडूक, मरळ मासा, पाणमांजर, कोंबडी आणि बोंबील.

पाणमांजराचं नाव वाचून जाई जागच्या जागी उडाली. पण गावाने वाचलं ते शेवटचं नाव.

दौलतअण्णा पारावर बसून शांतपणे म्हणाले, “बोंबील खोटा, तर मांजर खरं कसं? पोरीनं बरणीत काय काय घातलंय ते तिचं तिला ठाऊक.”

मंगळवारपर्यंत जाई खोटारडी ठरली. वर्गातल्या मुलांनी तिच्या बाकावर खडूने मासा काढला. ती तणतणत प्रयोगशाळेच्या गाडीत गेली आणि शंकारावांना म्हणाली की, तुम्ही तरी सांगा ना सगळ्यांना, मी काही घातलेलं नाही म्हणून.

“तसं मला सांगता येणार नाही,” शंकाराव म्हणाले. “माझाही तुझ्यावर संशय आहे.”

जाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

“रडण्यासारखं काही नाही. माझा सरपंचांवरही आहे. माझ्या गाळणीवर आहे. माझ्या स्वतःवर तर सर्वांत जास्त आहे, कारण मी सर्वांत जास्त वेळ माझ्याबरोबरच असतो. बस. आपण ओळीने एकेकाचा संशय फेडू.”

मग त्यांनी तिला आपलं काम समजावून सांगितलं. प्रत्येक सजीव पेशींनी (शरीर ज्या अतिसूक्ष्म विटांनी बांधलेलं असतं त्या विटा) बनलेला असतो. जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए (त्या जिवाची घडण चार अक्षरांच्या लिपीत जिच्यावर लिहिलेली असते अशी लांबलचक साखळी) असतो. प्राणी पाण्यात उतरला, की कातडीचे कण, लाळ, शी-शू असं काही ना काही मागे ठेवून जातो. त्यातून जो डीएनए पाण्यात मिसळतो, त्याला पर्यावरणीय डीएनए म्हणतात. म्हणजे प्राणी निघून गेला तरी थोडे दिवस त्याची सही पाण्यात राहते. शंकाराव ते पाणी बारीक गाळणीतून गाळत, गाळणीवर उरलेला डीएनए वेगळा काढत आणि कोणत्या प्राण्याची सही आहे ते वाचत.

“पण ती सही दिसणार कशी? एवढीशी असणार ना?” जाईने विचारलं. ती आता रडायची विसरली होती.

एवढीशीच असते, म्हणूनच आधी प्रतिकरण (डीएनएच्या तुकड्याच्या हुबेहूब नकला काढणं) करावं लागतं, असं शंकाराव म्हणाले. यंत्र एका तुकड्याच्या दोन प्रती करतं, दोनाच्या चार, चाराच्या आठ. अशा तीस फेऱ्या होतात. जाईने तिथल्या तिथे वहीत दुप्पट करायला घेतलं. विसाव्या फेरीला ती दहा लाखांच्या पुढे गेली, आणि तिसाव्या फेरीला उत्तर शंभर कोटींच्या वर गेल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली.

“म्हणजे पाण्यात बोंबलाचा एवढासा कण जरी असला...”

“तरी माझं यंत्र त्याचा बोभाटा करतं. आता माझा पुढचा प्रश्न. ती बरणी कुठली?”

बरणी घरचीच होती. जाईच्या घरात, किंवा वेळशेतच्या कुठल्याही घरात, रिकामी बरणी टाकून देण्याची पद्धत नव्हती. लोणच्याची बरणी पुढे डाळीची होई, डाळीची साबुदाण्याची, आणि म्हातारपणी ती खिळे-स्क्रू सांभाळी. ही बरणी मालवणच्या मावशीने सुक्या बोंबलाची चटणी भरून पाठवली होती. चटणी दिवाळीत संपली. पण आईने बरणी तीनदा घासली होती, गरम पाण्याने धुतली होती आणि दोन दिवस उन्हात ठेवली होती.

हे कळल्यावर आई स्वतःच गाडीशी आली. पदर खोचून तिने शंकारावांना विचारलं, “माझ्या घासण्यावर संशय घेताय काय?”

“घासण्यावर नाही, बाई. जेवण्यासाठी बरणी उत्तम स्वच्छ आहे. पण माझं यंत्र जेवत नाही.”

संशय फेडायचा उपाय सोपा होता. त्याच बरणीत प्रयोगशाळेचं अगदी शुद्ध पाणी भरायचं आणि बाकी सगळं जसंच्या तसं करायचं. त्याला कोरा नमुना (ज्यात काहीच सापडायला नको असा नमुना) म्हणतात. कोऱ्या नमुन्यात जर काही सापडलं, तर ते तळ्यातलं नव्हे, आपलंच. शंकाराव म्हणाले की हा नमुना जाईकडून पहिल्याच दिवशी मागायला हवा होता. तो मागितला नाही ही चूक त्यांची. ती त्यांनी अहवालात पहिल्या ओळीत लिहिली.

तळ्याचं पाणी मात्र नव्याने काढायचं होतं, आणि तिथे दौलतअण्णांनी अट घातली. पोरीचा हात लागायचा नाही. यंत्रमानवाचाही नाही. पाणी ते स्वतः काढणार.

शंकारावांनी आनंदाने त्यांना हातमोजे दिले. कारखान्यातून बंद होऊन आलेल्या नव्या बाटल्या दिल्या. वर कोरा नमुना म्हणून शुद्ध पाण्याची एक बाटलीही दिली, जी काठावर नुसती उघडून पुन्हा बंद करायची होती. अण्णांनी तीन ठिकाणांहून पाणी काढलं: शाळेच्या घाटावरून, बांधावरून, आणि चिखलात फार जायला नको म्हणून आपल्या हॉटेलच्या मागून. प्रत्येक बाटलीला लाख लावून त्यावर स्वतःचा शिक्का मारला आणि खाली जागेचं नाव लिहिलं. एक बाटली तर त्यांनी उन्हात धरून डोळा बारीक करून तपासली.

“इतका संशयी सहायक मला आजवर मिळाला नव्हता,” शंकाराव म्हणाले. अण्णांना ते आवडलं.

शनिवारी ग्रामसभा भरली. शंकारावांनी सगळ्यांसमोर लाख फोडलेल्या बाटल्या ओळीने मांडल्या आणि निकाल वाचला. आईच्या बरणीतलं शुद्ध पाणी: बोंबील. काठावर नुसती उघडलेली बाटली: काहीही नाही. तळ्याच्या तिन्ही बाटल्या: बेडूक, मरळ, पाणमांजर आणि कोंबडी. बोंबील एकाही बाटलीत नाही.

जाईच्या आईने मान खाली घातली, पण गाव जाईकडे बघत होतं. दौलतअण्णांना अजून एक आशा होती. ते उठले.

“आणि ही कोंबडी? कोंबडी कधी पोहते काय तळ्यात? म्हणजे यात पण भेसळ आहेच. हा अहवाल रद्द करा.”

सभेला ते पटल्यासारखं झालं. जाईने बाटल्यांकडे पाहिलं, मग काठावर उघडलेल्या कोऱ्या बाटलीकडे. आणि एकदम तिच्या लक्षात आलं. ती उभी राहिली.

“पण अण्णा, कोऱ्या बाटलीत कोंबडी नाही. म्हणजे ती बाटलीतली नव्हे, हातमोज्यांची नव्हे, यंत्राची पण नव्हे. ती तळ्यातलीच आहे.” मग शंकारावांकडे वळून तिने हळूच विचारलं, “तिन्ही बाटल्यांत सारखीच आहे का?”

शंकाराव म्हणाले की हाच प्रश्न कुणीतरी विचारेल अशी त्यांना शंका होतीच. घाटावर कोंबडीची खूण जेमतेम होती. बांधावर त्याहून थोडी जास्त. तिसऱ्या बाटलीत ती घाटावरच्या चारशेपट होती.

“तिसरी बाटली कुठली?” मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

शंकारावांनी बाटलीवरचा अण्णांचा शिक्का आणि त्यांच्याच अक्षरातलं जागेचं नाव सगळ्यांना दाखवलं. वाचायची गरज पडली नाही. हॉटेल पावित्र्यच्या मोरीचा नळ तळ्यात जिथे सुटतो, तिथलं पाणी होतं ते. आणि काढणाऱ्यावर तर कुणालाच संशय घेता येत नव्हता.

मग एक आजोबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले की, तरीच तिथल्या शुद्ध शाकाहारी रश्श्याला चव असते.

तळं न बुजवण्याचा ठराव दौलतअण्णांनी स्वतः मांडला आणि पुढचा कुठलाही प्रश्न येण्याआधी मंजूरही करून घेतला. मोरीचा नळ चौथ्या दिवशी दुसरीकडे वळला. पाटीवरचा ‘शुद्ध’ हा शब्द पुसला गेला. ‘शाकाहारी’वर अजून विचार चालू आहे.

गाडी निघायच्या दिवशी शंकारावांनी जाईला नव्या बाटल्यांची पेटी दिली. आता ओढे, नद्या, खाड्या, एवढंच काय हवासुद्धा अशीच वाचता येऊ लागली आहे, पण वाचणारे कमी पडतात, असं ते म्हणाले. जाईला घाटाखालच्या नदीवर जायचं होतं. तिथेही पाणमांजरं आहेत का ते पाहायचं होतं.

त्या रविवारी आईने डबा भरून दिला आणि चटणीची ती बरणी फळीवर ठेवून तिच्यावर कागद चिकटवला: ‘बोंबील. कायमची.’ मग तिने जाईच्या बाटल्या मोजल्या. नदीवर जागा तीन आणि बाटल्या चार.

“ही चौथी कशाला गं?”

“ती माझ्यावरच्या संशयासाठी,” जाई म्हणाली आणि त्या बाटलीत शुद्ध पाणी भरून तिने सर्वांत आधी तिच्यावर स्वतःचं नाव घातलं.