बूट राहू देत

वेंडेल माकीशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण बर्फावरून.

अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या आमच्या डुलुथमध्ये हे दुःख कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सकाळी उठून तुम्ही गाडीची वाट फावड्याने मोकळी करता, कंबर धरून सरळ उभे राहता, आणि नेमका तेव्हाच नगरपालिकेचा बर्फ सारायचा ट्रक येतो. रस्ता लख्ख होतो आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ तुमच्या वाटेच्या तोंडाशी बांधासारखा येऊन बसतो. आम्ही सगळे हे निमूट सोसतो. त्या दिवशी मात्र मी फावडं घेऊन ट्रकच्या आडवी गेले.

"अहो! दिसत नाही का? आत्ता साफ केलंय मी हे!"

ट्रक थांबला. काच खाली आली.

"दिसलं ना," आतला माणूस म्हणाला. "म्हणून तर वेग कमी केला."

"सावकाश टाकलात होय बर्फ? उपकारच झाले."

"जोरात टाकला असता तर तुमच्या अंगावर पडला असता."

तो उतरला, माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि बांध फोडायला लागला. मी बघत उभी राहिले. माझं काम चष्म्याच्या दुकानात. लोकांच्या नाकावर चष्मे बसवून देते, त्यामुळे माणूस दिसला की आधी नाक बघायची खोड आहे मला. याचं नाक थंडीने लाल झालेलं, सरळ, वर किंचित रुंद... चष्मा अजिबात घसरणार नाही असं. चांगलं नाक आहे, एवढंच माझ्या मनात आलं. तेव्हा तरी एवढंच.

"नाव काय तुमचं?" मी विचारलं.

"तक्रार करणार असाल तर माकी. नसाल तर वेंडेल."

"मी मारित. आणि माझं अजून ठरलेलं नाही."

तो हसला. पुढच्या वेळी बर्फ पडला तेव्हा माझ्या दारात बांध नव्हता. ट्रकने माझ्या वाटेपाशी पुढचं बर्फ सारायचं पातं वळवलं होतं आणि माझ्या वाटणीचा बर्फही शेजारच्या लोवेलच्या दारात नेऊन ठेवला होता. लोवेल सत्तरी उलटलेला. तो कुंपणापलीकडून ओरडला, "पोरी, याचं तुझ्याशी काय आहे ते आहे, पण त्याचा भुर्दंड माझ्या कंबरेला कशाला?"

"माझं काही नाही हो त्याच्याशी."

"मग करून टाक काहीतरी. निदान समोरासमोर येऊन बोलेल, माझ्या दारात बर्फ टाकून नाही."

तो समोरासमोर आला तो दुकानात. बारीक अक्षरं वाचायचा चष्मा हवा होता त्याला.

"काय वाचता?" मी त्याच्या कानामागे दांडी बसवत विचारलं. एवढ्या जवळून त्याला डिझेलचा आणि साबणाचा वास येत होता.

"स्पॅनिश शिकतोय."

"हिवाळ्यात सगळे जातात तसं समुद्रकिनारी जायचंय वाटतं."

"नाही... मुलाशी बोलायला."

माझा हात थांबला. "तुम्हाला मुलगा आहे?"

"आहे. म्हणजे, कोलंबियात आहे. अजून माझा व्हायचाय." त्याने आरशात चष्मा बघितल्यासारखं केलं. "दत्तक घेतोय. डुवान नाव आहे. आठ वर्षांचा."

"आणि तुमची बायको?"

"तीच तर नाही. एकटाच घेतोय."

त्याने हे हवामान सांगावं तसं सांगितलं. मला ते आवडलं. मग त्याने मला कॉफीला विचारलं, मी हो म्हटलं, आणि कॉफी संपायच्या आत आमचं 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं.

त्याचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या वर, टेकडीवर. तिथे मी पहिल्यांदा गेले ती रविवारी, जंगली तांदळाचं सूप प्यायला. आमच्याकडे कुणाच्याही घरी शिरलं की बूट आधी दारातल्या ट्रेमध्ये ठेवायचे, बर्फ वितळून जमीन खराब होऊ नये म्हणून. वेंडेलच्या ट्रेमध्ये त्याचे होडीएवढे बूट होते आणि त्यांच्या शेजारी लहान मुलाचे दोन जोड. दोन्ही कोरे.

"दोन कशाला?"

"हा मागच्या वर्षी घेतला होता. वाट बघता बघता पाय मोठे झाले त्याचे." त्याने छोटा जोड उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

मला त्या क्षणी तो फार आवडला, एवढं खरं.

"लोक काय म्हणतात?" सूप पिताना मी विचारलं.

"बाई एकटी असली की तिला धाडसी म्हणतात. मी एकटा आहे म्हटल्यावर पोलिसांचे दाखले मागतात. मागू देत. मूल देताहेत, नीट बघूनच द्यावं."

"पण एकट्याने कशाला? आधी लग्न, मग मूल, असं करतात लोक."

"मला बाबांनी एकट्यानेच वाढवलं. घर म्हणजे एक माणूस आणि एक पोरगा, एवढंच माहीत होतं मला. त्यात काही कमी आहे असं कधी वाटलंच नाही." तो चमचा फिरवत राहिला. "आता गेल्या महिन्यापासून जरा... घोटाळा झालाय."

"कसला?"

"मी पातं कुठे वळवतो ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे, मारित. तुलाच तेवढं विचारावंसं वाटतं?"

मी सुपात बघत बसले. कान तापले होते. छत्तिसाव्या वर्षी शोभत नाही, पण तापले होते.

निघताना बर्फ पडत होता आणि माझे बूट आतून ओले झाले होते. वेंडेलने त्याचे मला घातले, खाली बसून नाड्या बांधल्या आणि बांधून झाल्यावरही जरा वेळ तसाच बसून राहिला. मी त्या होड्यांमधून डुगडुगत टेकडी उतरले. माझे बूट त्याच्या ट्रेमध्ये राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे बेव्हर्ली आली. दत्तक देणाऱ्या संस्थेची ही बाई, घर बघून शेवटचा अहवाल द्यायला आलेली. तिने स्वतःचे बूट काढले, ट्रेमध्ये ठेवायला वाकली, आणि तिला बाईचे बूट दिसले.

हे मला वेंडेलने त्याच दुपारी माझ्या दारात उभं राहून सांगितलं. टोपी हातात होती.

"तिने विचारलं, इथे कोण राहतं? मी म्हटलं, कुणी नाही. जिचे आहेत ती माझे घालून घरी गेली."

"दुसरं काही सांगता आलं नाही तुला? बहिणीचे आहेत म्हणायचं!"

"मला बहीण नाही."

हा असा माणूस. "मग?"

"मग तिने नीट समजावलं. माझी सगळी फाइल एकट्या पुरुषाची आहे. घरात दुसरं माणूस आलं, लग्न झालं, तर ती रद्द. सगळं पहिल्यापासून, दोघांचं. आणि डुवान तोवर थांबणार नाही. एवढ्या मोठ्या मुलांना न्यायला सहसा कुणी येत नाही... त्याला सांगून ठेवलंय, मारित. माझा फोटो आहे त्याच्या उशाशी."

"तुझी चूक झाली का मग?"

"ती म्हणाली, नाही. कुणी आवडायला बंदी नाही, घरात राहायला आहे. जाताना ट्रेकडे बघून म्हणाली, बूट राहू देत. पाय मात्र त्यांच्या घरीच राहू देत."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. हे दोन्ही एकदम होतं हे मला नवीन होतं.

"मारित, मला तुला एक सांगायचंय—"

"नको." मी त्याच्या तोंडावर हातमोजा घातलेला हात ठेवला. "तू बोललास तर मी हो म्हणेन. मी हो म्हटलं तर बेव्हर्ली पुन्हा विचारेल, आणि तुला खोटं बोलता येत नाही. तो येईपर्यंत मनात ठेव."

"आणि तू?"

"मी इथेच आहे. दोन गल्ल्या खाली. तुझे बूट घेऊन."

त्याने माझ्या हातमोज्यावर ओठ टेकले आणि गेला. मी दार लावलं आणि त्याचे बूट दारामागे नीट लावून ठेवले. रागही आला होता. कुणावर ते ठरवता येत नव्हतं.

उन्हाळा गेला. रस्त्यात भेटलो की आम्ही शेजाऱ्यांसारखे बोलायचो. पानं पिवळी झाली तेव्हा वेंडेल कोलंबियाला गेला, तिथल्या कोर्टाचं काम होईपर्यंत तिथेच राहिला आणि बर्फाच्या तोंडावर मुलाला घेऊन परत आला.

मला वाटलं, झालं आता. पण फोनवर त्याचा आवाज ओढलेला होता.

"अजून थोडं, मारित. पहिले काही महिने त्याला एकच माणूस. भरवायला, झोपवायला, लागलं तर फुंकर घालायला एकटा मीच. नाहीतर आपलं कोण हे त्याला कळत नाही म्हणतात. आणि खरंच आहे ते. दुकानातल्या बाईचाही हात धरून चालायला लागतो तो."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

सगळी गल्ली त्याच्या पायरीवर झाकलेली भांडी ठेवून मागे फिरायची. मीही सूप ठेवून यायचे. खिडकीत एक काळंभोर डोकं असायचं. ते मी वळेपर्यंत बघत राहायचं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, भर दुपारी माझी बेल वाजली. दारात मुलगा. टोपी डोळ्यांवर आलेली, आणि पायात माझे बूट. पाऊल पुढे आणि बूट मागे असा चालत आला असणार, कारण धापा टाकत होता. गल्लीच्या कोपऱ्यावर वेंडेल हात खिशात घालून उभा होता. नाक लाल.

"तू मारित?" मुलगा म्हणाला. नवी भाषा तो जपून, एकेक शब्द उचलून बोलत होता.

"हो. तू डुवान."

"हे बूट तुझे."

"माझेच."

"मी बाबाला विचारलं, कुणाचे? तो म्हणाला, एक बाई आहे. येणार आहे." त्याने टोपी वर सारली. "तिथे पण असंच सांगायचे. कुणीतरी येणार आहे. मी खूप बसलो. खूप."

मी त्याच्यासमोर उंबऱ्यावर खाली बसले.

"मग मी म्हटलं, बसायचं नाही," डुवान म्हणाला. "जाऊन आणायचं."

मी दारामागून वेंडेलचे बूट काढले आणि घातले. नाड्या घाईत अर्ध्याच बांधल्या. आम्ही तिघं टेकडी चढलो. लोवेलने खिडकीतून बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.

ट्रेपाशी डुवानने माझे बूट काढून जागेवर ठेवले, मग माझ्या पायांकडे बोट दाखवलं. "ते पण काढ." मी काढले. मोज्यांवर त्या घरात उभी राहिले.

"मारित," वेंडेल म्हणाला, "ते... सांगायचं राहिलंय."

"सांग ना."

तो मुलाकडे बघून गडबडला.

"सांग," डुवान त्याला म्हणाला. "मला रोज म्हणून दाखवतो. आता तिला सांग."

वेंडेलने सांगितलं. स्पॅनिशमध्ये, कारण सराव त्याच भाषेत झाला होता. डुवानने त्याचा एक शब्द सुधारला. वेंडेलने घसा साफ करून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी हो म्हटलं.