चौसष्ट किलो

दिवा घालवा, पण दाराला कडी लावू नका. का, ते ऐकता ऐकता कळेल.

माझं उभं आयुष्य वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलं. हे ज्याच्यावर गुदरलं तो बॉक्सिंगचा कोच माझं जुनं गिऱ्हाईक. त्याच्याच तोंडून ऐकलंय.

त्याच्या हाताखाली एक बॉक्सर होता. झटक्या म्हणायचे त्याला. चौदा महिन्यांत सात लढती, सातही जिंकल्या, कमरेला विजेतेपदाचा पट्टा. तिसऱ्या फेरीची घंटा पठ्ठ्याने कधी ऐकलीच नाही. मूळ वजन चौसष्ट किलो. पण साठच्या गटात पट्टा लवकर मिळतो, म्हणून कोच दर लढतीआधी त्याला चार किलो सुकवायचा. अंगात रेनकोट, खोलीत हीटर, बाहेरून कडी.

आठव्या वेळी झटक्या रात्रभर दार वाजवत होता. "सर, एक घोट. एकच घोट द्या."

"काट्यावरून उतरलास की हवं तेवढं पी," कोच म्हणाला आणि कुशीवर वळून झोपला.

सकाळी वजन बरोबर साठ भरलं असतं. पण काट्यावर उभं राहायला कोणी उरलं नव्हतं. "त्यानेच कसल्यातरी गोळ्या खाल्ल्या," असं सांगून कोच नामानिराळा झाला. मला अजून चीड येते.

वर्ष उलटलं. नवा बॉक्सर, तीच खोली, तीच कडी. मंगळवारची रात्र, दोन वाजून दहा मिनिटं. सकाळच्या वजनाआधी काटा तपासावा म्हणून कोच खाली जिममध्ये आला. दिवा लावला.

रिकाम्या काट्याची सुई साठवर होती.

स्प्रिंग अडकली असेल, म्हणून त्याने काटा हलवून पाहिला. हलेना. कोणी वर उभं असावं तसा जड.

मग आवाज आला. घट... घट...

सुई सरकली. एकसष्ट.

नळ बंद. बादली कोरडी. घट... घट...

बासष्ट. कोचची जीभ टाळूला चिकटली. त्रेसष्ट. ओठ तडकले. ओरडायचं होतं... घशात ओलच नव्हती.

चौसष्ट.

शांतता.

आणि अगदी कानाशी, "सर... आता तुमची पाळी."

तो धडपडत जिना चढला, कडी काढली. नवा बॉक्सर जिवंत होता. हातात बाटली येताच तो घटाघटा प्यायला. मग कोचनेही बाटली तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून ओघळलं. थेंब आत जाईना.

सकाळी तो काटा घेऊन माझ्या दुकानात आला. हे सगळं कसंबसं कुजबुजत सांगितलं. "एवढा नीट कर रे."

दवाखान्यात सलाईनही चढेना. तिसऱ्या दिवशी वाळून गेला. बरं झालं असं म्हणू नये. मी म्हणतो.

काटा मी उघडला. स्प्रिंग बदलली, सुई बदलली. अजून दुकानात आहे, कधीही येऊन बघा. त्यावर मी काही ठेवत नाही.

सुई चौसष्टवर असते.