एकाच घरचं रक्त

"हात मागं घे वं पोरी!"

निर्मलाबाईंचा आवाज स्वयंपाकघरात असा घुमला, की सहा वर्षांच्या डिंपलने पुढे केलेला इवलासा तळहात तसाच अधांतरी राहिला... नव्या धानाचा पहिला भात नुकताच चुलीवरून उतरला होता. त्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत अशी, की या भाताचा पहिला घास घरातल्या थोरल्या बाईने घरच्या रक्ताच्या माणसांच्या तळहातावर ठेवायचा आणि सुनांनी मागून जेवायचं. गेल्या वर्षी डिंपलने हट्टाने दोन घास मागितले होते, आणि हीच आजी तेव्हा पोट धरून हसली होती.

"मले काहून नाही, आजी?"

"हे घरच्या रक्तासाठी असते. तुले तुही माय देईल," निर्मलाबाई म्हणाल्या आणि घास त्यांनी आपल्या लेकाच्या, धनंजयच्या हातावर ठेवला.

धनंजयने घास घेतला, लेकीकडे पाहिलं आणि मान फिरवली. चुलीपाशी बसलेल्या रुपाच्या, त्याच्या बायकोच्या, काळजात चर्र झालं. स्वतःचा अपमान तिने चार महिने मुकाट्याने गिळला होता. पण लेकराचा तो रिकामा तळहात... हे परमेश्वरा, त्या निष्पाप जिवाने कोणाचं काय बिघडवलं होतं! तिने डिंपलला ओढून पोटाशी धरलं आणि तिथेच, त्या क्षणी, मनाशी एक निश्चय केला.

संशयाला पाय नसतात म्हणतात, पण या घरातला संशय चार महिने सगळीकडे हिंडत होता. तो माजघरात बसे, विहिरीवर जाई, रुपाच्या फोनची रिंग वाजली की कान टवकारी. ती माहेरी, आंबागडला फोन लावायची, तर सासू भिंतीआड उभी. डिंपलचं नाक कोणासारखं आहे, यावर सिहोऱ्याच्या आठवडी बाजारात चार बायकांनी कुजबूज केल्याचंही तिच्या कानावर आलं होतं. आणि या सगळ्याला कारण काय, तर बोटाएवढी कागदाची एक पट्टी!

आषाढात डिंपलचे हातपाय सुजले, हाडं ठणकू लागली, पोर तळमळून रडू लागली, तेव्हा रुपाने तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे नागपूरच्या एका संशोधन संस्थेतल्या मेघा मॅडम सिकलसेलची, आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, नवी तपासणी घेऊन आल्या होत्या. बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, पट्टीवर टाकायचा. पट्टीत सोन्याचे कण होते, डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत इतके बारीक. सोनं एवढं बारीक केलं की पिवळं राहतच नाही, लाल दिसतं, असं मॅडमने सांगितलं तेव्हा रुपाला आधी चेष्टाच वाटली होती. वरची लाल रेघ उमटली तर चांगलं रक्त, खालची उमटली तर सिकलचं, दोन्ही उमटल्या तर माणूस धडधाकट, पण आजाराचा अंश घेऊन फिरणारा. डिंपलची एकटी खालची रेघ उमटली. रुपाच्या दोन्ही उमटल्या.

"आईकडून एक अंश आणि बापाकडून एक, असे दोन्ही मिळाल्याशिवाय हा आजार होत नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. आणि भोळी रुपा! तिने फोनवरून नवऱ्याला, सासूला, सगळ्यांना हे जसंच्या तसं समजावून सांगितलं. आपल्याच हातांनी आपल्यासाठी खड्डा खणतोय, हे त्या बिचारीला काय ठाऊक?

ती लेकीच्या उशाशी दवाखान्यात बसलेली असताना गावच्या शाळेत याच तपासणीचं शिबिर झालं. आठवड्याने कागद आला. धनंजयच्या नावापुढे एकच रेघ होती. वरची... चांगली!

"म्हणजे बापाकडून आलंच नाही. मग आलं कुठून?" निर्मलाबाईंनी भर अंगणात विचारलं होतं.

रुपाने शपथा घेतल्या, आकांत केला, पट्टीच खोटी असेल म्हणून सांगितलं. त्यावर निर्मलाबाई थंडपणे म्हणाल्या होत्या, "माणूस खोटं बोलते, बाई. सोनं नाही बोलत." या वाक्यापुढे गावात कोणाचंच काही चाललं नाही. मॅडमचे तीन फोन आले, "असा निकाल सहसा येत नाही, डिंपलच्या वडिलांना पुन्हा पाठवा," म्हणून; धनंजयने तिन्ही वेळा फोन आपटला. शेवटी रुपाला त्या मॅडमचाच संशय येऊ लागला. कुणाची तरी पट्टी अदलाबदल करून माझा संसार मोडला आणि आता साळसूदपणे फोन करते आहे, असं तिला रात्रंदिवस वाटत राही.

आणि तरीही गाठ त्याच मॅडमशी होती. डिंपलसारख्या लेकरांचा मोठा अभ्यास सुरू व्हायचा होता, त्यात दर महिन्याला तपासणी, औषधं, सगळी देखरेख मिळणार होती. मात्र दोन्ही पालकांचे नमुने असलेल्या लेकरांचीच नावं त्यात घेत होते. गुरुवारी सिहोऱ्याच्या दवाखान्यात शेवटचा दिवस होता. धनंजय आला नाही, तर डिंपलचं नाव गळणार होतं.

भाताचा घास हुकला त्या दुपारी रुपा पदर खोचून नवऱ्यासमोर उभी राहिली. सासू तिथेच सुपात तांदूळ पाखडत होती.

"डिंपलचे बाबा, तुम्हाले माह्या तोंडून जे ऐकायचं आहे ना, ते आज ऐका. मी मान्य करते."

सूप थांबलं.

"काय मान्य करतेस?" धनंजयचा आवाज चिरकला.

"तुमचा संशय खरा आहे. सारा दोष माह्या पदरात घाला. मी आंबागडले निघून जातो, पुन्हा तोंड दाखवत नाही. पण कागदावर बाप तुम्हीच आहा. गुरुवारी एकदा येऊन रक्त द्या, आणि पोरीले तुमच्या नावावर, तुमच्या घरात राहू द्या. बापाच्या घरून दवाखाना जवळ आहे, आंबागडवरून मले दर महिन्याले जमणार नाही... तिले औषध मिळू द्या. बस, माहं दुसरं काही मागणं नाही!"

बोलताना तिच्या डोळ्यांतून एक टिपूस आलं नाही. आयुष्यात केलेल्या एकमेव पापाची कबुली ती देत होती, आणि ते पाप तिने कधी केलंच नव्हतं! जी गोष्ट ऐकण्यासाठी धनंजय चार महिने तडफडत होता, ती ऐकून त्याला सुख व्हायला हवं होतं. तो मात्र भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

"येतो मी," तो कसाबसा म्हणाला.

गुरुवारी सकाळी ते चौघं सिहोऱ्याला आले. रुपाच्या हातात कपड्यांची पिशवी होती, कारण दवाखान्यातून ती परस्पर आंबागडला जाणार होती. निर्मलाबाई आल्या होत्या त्या सून खरंच जाते की ऐनवेळी नाटक करते, ते पाहायला. वाटेत डिंपल रस्त्याकडेची बगळ्यांची रांग मोजत होती.

मेघा मॅडम पस्तिशीच्या, चष्मेवाल्या, बोलायला मवाळ. रुपाने त्यांच्याकडे कडवट नजरेने पाहिलं. मॅडमने धनंजयचं बोट पुसलं, सुई टेकवली, तसा तो गडी लेकरासारखा दचकला.

"अहो, एवढुशी तर सुई आहे! मागच्या वेळीही असेच घाबरला होतात का?" मॅडम हसून म्हणाल्या.

"मागच्या वेळी कुठं? मी तं पहिल्यांदाच देऊन राहिलो."

मॅडमचा हात थांबला. त्यांनी रजिस्टर ओढलं, पान उलटलं. "हे बघा. धनंजय जागेश्वर. जुलैमधलं शिबिर, तुमच्या गावची शाळा. ही सही..."

"ती मनिषची आहे. माह्या लहान भावाची. पुण्याले असते तो, धानाच्या रोवण्यासाठी सुटी काढून आलता. मी त्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन वावरात चिखलणीले होतो. शिबिरवाले घरी बोलवाले आले, तं मायनं त्याले पाठवलं."

"तुमच्या नावावर?"

"आमच्यात असंच चालते, मॅडम. धान विकाले गेलो, ग्रामसभेले गेलो, ज्याले वेळ असन तो भाऊ सही करते," धनंजय अगदी सहज म्हणाला. त्यात काही वावगं असल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. "आणि रक्ताचं म्हणाल, तं सख्खा भाऊ आहे तो. एका मायचा, एका बापाचा. रक्त एकच!"

"हो तं!" निर्मलाबाईंनी दुजोरा दिला. "एकाच घरचं रक्त. कोणाचंही बोट टोचलं तरी काय फरक पडते?"

रुपाने टेबलाची कड घट्ट धरली. देवा रे... चार महिने! ज्या एका रेघेने तिला कुलटा ठरवलं, लेकराच्या हातावरचा घास काढून घेतला, ती रेघ तिच्या नवऱ्याची नव्हतीच! आणि ही क्षुल्लक गोष्ट कोणी तिला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी कोणाला वाटलीच नव्हती.

मॅडम रागावल्या नाहीत. "चूक आमचीही आहे, आम्ही ओळख पटवून घ्यायला हवी होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण दादा, भावाभावांचं रक्त एक नसतं. आईबापांकडून प्रत्येक लेकराच्या वाट्याला वेगळं येतं. मनिषला दोन्हींकडून चांगलं मिळालं. तुम्हाला काय मिळालं, ते आता बघू."

त्यांनी थेंब पट्टीवर टाकला. दहा मिनिटं लागणार होती. आधी वरची रेघ आली, लालचुटूक. धनंजयने डोळे मिटले. मग खाली काहीतरी फिकट दिसू लागलं... भास म्हणावं इतकं फिकट... आणि हळूहळू दुसरी रेघ स्पष्ट झाली.

"दोन," मॅडम म्हणाल्या. "डिंपलचा एक अंश आईचा, एक तुमचा."

"रुपा..." धनंजय खुर्चीतून उठला आणि सगळ्यांदेखत तिच्या पायांशी कोसळला. "मी पापी आहो, रुपा! मले चपलेनं हाण, पण..."

रुपाने पाय मागे घेतले. आता कुठे तिच्या डोळ्यांना धार लागली.

"चार महिने मी खरं बोलली, तं कोणी ऐकलं नाही," ती हुंदके देत म्हणाली. "परवा पहिल्यांदा खोटं बोलली, तं तुम्ही लगेच ऐकलं."

तो लेकीला जवळ घ्यायला गेला, तर ती आईच्या मागे लपली. चार महिन्यांत पोर त्याला बिचकायला शिकली होती. तसंच गुडघ्यांवर बसून त्याने मॅडमना विचारलं, "पोरगी बरी होईल ना?"

"औषध रोज घेतलं तर त्रास पुष्कळ कमी राहील. मुळापासून बरं करण्यावर काम चालू आहे. हेच सोन्याचे कण बिघडलेला अंश दुरुस्त करणारं औषध घेऊन रक्त तयार करणाऱ्या पेशींपर्यंत जातील का, ते आम्ही शोधतोय. पण अजून ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यांतच आहे. कित्येक वर्षं लागतील, मी खोटी आशा देणार नाही. आज तिचं नाव मात्र अभ्यासात घेते."

इतका वेळ निर्मलाबाई कोपऱ्यातल्या बाकावर खिळून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि मॅडमपुढे त्यांनी आपलं बोट धरलं.

"माह्या लेकात हे कुठून आलं? पाहा."

त्यांच्याही दोन रेघा उमटल्या. निर्मलाबाई त्या पट्टीकडे पाहतच राहिल्या. सुनेच्या नावाने गावभर बोलणाऱ्या त्या बाईने मग जे विचारलं, ते कोणालाच अपेक्षित नव्हतं.

"मॅडम... यानं लेकरू मरते काय? हातपाय सुजून? हाडं हाडं करून रडून?"

"दोन्हींकडून आलं असेल आणि औषध नसेल, तर... हो."

"माही पहिली पोरगी, सरिता. धनंजयच्या आधीची. पाच वर्षांची होऊन गेली." म्हातारीचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता. "सासू म्हणे, तूच लेकरू खाल्लं, तुह्याच पायगुणानं गेलं. माहा नवराही तेच म्हणे. पस्तीस वर्षं मी तेच खरं मानून जगली, बाई... म्हणजे माह्या सरितेले मी नाही खाल्लं?"

"त्या वेळी तपासणी झाली नव्हती, म्हणून छातीठोक नाही सांगता येणार. पण बहुतेक याच आजाराने गेली ती. तुमच्या पायगुणाने नक्कीच नाही."

निर्मलाबाई सुनेकडे वळल्या. हात जोडलेले. रुपाच्या ओठांवर चार महिन्यांचे जळजळीत शब्द येऊन थांबले होते. आज ते ऐकवायचा तिला पूर्ण अधिकार होता! पण समोर सासू नव्हतीच. लेकरू गमावून त्याचाच आळ पस्तीस वर्षं वागवणारी एक आई उभी होती, आणि आळ म्हणजे काय ते रुपाइतकं कोणाला कळणार?

"नाही, आई. तुम्ही नाही खाल्लं," ती म्हणाली आणि तिने म्हातारीला कवेत घेतलं.

"माह्यावर जे झालं, तेच मी तुह्यावर केलं वं, माये..." निर्मलाबाई तिच्या खांद्यावर ऊर फुटेस्तोवर रडल्या.

बाहेर आंबागडची बस लागली होती. धनंजयने रुपाची पिशवी उचलली आणि चाचरत विचारलं, "घरी चालतेस ना?"

रुपाने डोळे पुसले.

"येतो. पण आंबागडवरून येतो. माह्या बाबांनी चार महिने गावात मान वर केली नाही. माही इज्जत तुम्ही अंगणात उभं राहून काढली, आता त्यांच्या अंगणात उभं राहून सांगा, बोट कोणाचं होतं ते."

धनंजय खाली मान घालून उभा राहिला. सासऱ्यापुढे जायला त्याला तोंड नव्हतं.

"तो काय सांगन? बोट मी पाठवलं होतं, अंगणातही मीच बोलली होती. मीच सांगतो," निर्मलाबाई म्हणाल्या. त्यांनी डिंपलला कडेवर घेतलं, आणि लेकाची वाट न पाहता सगळ्यांच्या आधी आंबागडच्या बसमध्ये चढल्या.