उशीवरचे नारिंगी डाग

म्हातारीने उशीचा अभ्रा टेबलावर पसरला. त्यावर फिकट नारिंगी डाग होते.

"सुनेनं माझ्या लेकाला विष घातलं. टीबीचं औषध चालू असताना कुणी मरतं का? नातीला मी तिच्याजवळ ठेवणार नाही."

भावोजींना ते तिथल्या तिथे पटलं. त्यांना कुणाचंही पटे. म्हणून खासगी तपासाचं काम त्यांची वहिनी करी आणि ते गाडी चालवत.

सुनेने खोकतच दार उघडलं. केस कपाळावर ओढलेले, डोळे सुजलेले. नवराबायको दोघांनाही एचआयव्ही असल्याचं तो आजारी पडल्यावरच कळलं होतं. टीबीच्या लाल गोळ्या ती त्याला रोज समोर बसून द्यायची. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झाली तेव्हा तो घाबरला होता आणि मग स्वतःच हसला होता, हे सांगताना तिला रडू आलं. शेवटच्या फोटोत त्याच्या नाकाभोवती पुटकुळ्या होत्या, मधोमध खळगा असलेल्या.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. थुंकीत टीबीचे जंतू कधीच सापडले नव्हते. पण एचआयव्ही, ताप, खोकला, उतरलेलं वजन, एवढं दिसलं की ते टीबीच धरून चालत. वाट पाहिली तर रुग्ण हातचा जातो, असा त्यांचा अनुभव होता.

"म्हणजे सुनेनं गोळ्या दिल्याच नाहीत," भावोजी जिना उतरताना म्हणाले.

म्हातारीच्या घरी वहिनीने, लेक आजारी पडण्यापूर्वी काय करत होता ते विचारलं आणि भावोजींना माळ्यावर चढवलं. ते शिंकत, शिव्या देत खाली आले. आढ्याला वटवाघळं होती आणि कोपऱ्यात त्यांच्या विष्ठेची भरलेली पोती. माळा लेकाने झाडला होता, पोती सुनेने धरली होती. वहिनीने बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला आणि सुनेला बोलावून घेतलं.

सगळे बसल्यावर वहिनीने अभ्रा उलगडला.

"त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, तसे अश्रूही होतात. हे विष नाही, आजी. तुमचा लेक रात्री रडायचा. गोळ्या त्याच्या पोटात रोज जात होत्या."

"मग गेला कसा?" भावोजींनी विचारलं.

"आजार दुसराच होता. वटवाघळांच्या विष्ठेत एक बुरशी वाढते. झाडताना ती श्वासातून आत जाते. धडधाकट माणूस बहुधा निभावतो, एचआयव्ही असलेल्याला ती गिळते. दिसायला हुबेहूब टीबी, पण टीबीच्या गोळ्या तिला लागू पडत नाहीत. माळा आणि पुटकुळ्या ऐकून डॉक्टरांनाही तेच वाटलं. त्याचं आता सिद्ध होणार नाही. हिचं होईल."

तिने सुनेच्या कपाळावरचे केस हळूच बाजूला केले. खाली तशाच पुटकुळ्या होत्या.

"लघवीच्या तपासणीत ही बुरशी सापडते. वेळेत सापडली तर औषध आहे. डॉक्टर थांबलेत."

म्हातारी माळ्याकडे बघत राहिली. "मीच झाडायला लावला. तिघांना इथं राहायला आणायचं होतं."

भावोजी गाडीच्या किल्ल्या शोधू लागले. त्या त्यांच्या हातातच होत्या.

म्हातारी उठली. सुनेच्या पायांत चपला सरकवल्या आणि तिला दंडाला धरून उभं केलं. मग सवयीने तिने तो अभ्रा धुवायला उचलला.

"आई, धुऊ नका," सून म्हणाली. "राहू दे तसाच."

म्हातारीने तो घडी करून तिच्या हातात दिला आणि गाडीत तिच्या शेजारी जाऊन बसली.