न कोरलेलं तोंड

जर्मनीतल्या आमच्या झायफेन गावात नोव्हेंबर म्हणजे लगीनघाई. ख्रिसमसला घरोघरी धुराचे बाहुले लागतात. कुणी लाकडी शिपाई, कुणी वनरक्षक. कमरेवरचा भाग उचलायचा, आत शंकूसारखा धूप पेटवून ठेवायचा, की बाहुला तोंडातून धूर सोडत बसतो. माझा नवरा गॉटहार्ड लेथवर बाहुले कातायचा, मी रंगवायची. तोंडाचं भोक मात्र तो सगळ्यांत शेवटी, स्वतः पाडायचा. रंग सुकायच्या आत हात लावायची त्याला भारी खोड. त्याच्या अंगठ्यावर पटाशी लागल्याचा आडवा व्रण होता, आणि तो माझ्या निम्म्या बाहुल्यांच्या पाठीवर उमटलेला असायचा. त्यावरून आमची रोजची वादावादी.

गेल्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. तो, मी आणि माझ्या सासूबाई, हुल्डा. त्या जेवणाला आमच्याकडे नऊ पदार्थ एकदमच मांडतात, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी एक रिकामं ताट ठेवतात, आणि जेवण संपेपर्यंत जागचं कुणी हलत नाही. जो उठेल तो पुढच्या ख्रिसमसला त्या टेबलाशी नसतो, असं म्हणतात. मीठ मांडायचं काम गॉटहार्डचं. तो विसरला, आणि उठला.

"अरे बस! अळणी खाऊन कुणी मेलंय का?" सासूबाई ओरडल्या.

तो हसत मीठ घेऊन आला. मीही हसले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता.

बर्फ वितळायच्या दिवसांत तो लेथजवळच गेला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. मला ते पटलं.

त्याचा शेवटचा वनरक्षक कातून तयार होता. मी तो रंगवला, पण गिरमिट हातात घ्यायचा धीर झाला नाही. तोंडाच्या जागी नुसतं सपाट लाकूड राहिलं.

डिसेंबर लागायच्या सुमाराला एका रविवारी सासूबाईंनी तो जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. "पेटव ह्याला."

"आई, तोंडाला भोक नाही. हवा खेळणार नाही. धूप विझेल."

"तुझी अक्कल ठेव खिशात, ॲनेरोज. माझ्या लेकाच्या हातचा आहे. पेटव."

पेटवला. धूर आला नाही. पण नंतर उघडून पाहिलं तर धूप पुरता जळून आत नुसती राख, आणि बाहुल्याच्या आतल्या भिंती कोऱ्या करकरीत, काजळीचा डागही नाही. कमरेचा सांधा सैल असेल, तिथून हवा खेळली असेल, मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मी सांधा मेणानं बुजवला. त्या दिवशी धूर दिसला.

बाहुल्याजवळ नव्हे. गॉटहार्डच्या खुर्चीवर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर. थोडा यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. लेथवर वाकलेला असताना तो असाच श्वास घ्यायचा.

सासूबाई पाठमोऱ्या पाव कापत होत्या. "कसला गं वास?"

"धुपाचा."

"त्याच्या कोटाला असा यायचा."

मी हात पुढे केला. तळव्याला ऊब लागली, थोडी दमटही. तो गेल्यापासून कोरडी राहिलेली मी तिथंच उभ्या उभ्या रडले. मला तो हवा होता. त्याची आठवण नको होती, फोटो नको होता. तो हवा होता, रंग बिघडवणाऱ्या त्या अंगठ्यासकट. आणि त्याच्याकडे जायची वाट आता मला ठाऊक होती.

ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी मी नऊ पदार्थ मांडले. बाहुला पेटवून रिकाम्या ताटाशी ठेवला. ते ताट मी त्याच्या खुर्चीसमोर मांडलं होतं. मिठाचं भांडं मुद्दाम स्वयंपाकघरातल्या ओट्यावर राहू दिलं. सासूबाईंचं कसं होईल, हे मनात आलं नाही असं नाही. तो विचार मी दूर सारला.

चर्चच्या घंटा झाल्या. आम्ही बसलो. खुर्चीवर धूर होता.

सासूबाईंनी मसुराचा घास घेतला. "अगं, अळणी झालंय."

"मीठ ओट्यावर राहिलं. आणते." माझा आवाज कापला नाही.

"खबरदार उठलीस तर!"

मी खुर्ची मागे सरकवली.

"अगं आंधळे," त्या म्हणाल्या, "हे काय तुझ्या ताटाशी!"

मी पाहिलं.

मिठाचं भांडं माझ्या ताटाला लागून होतं.

समोरच्या खुर्चीवर धूर नव्हता. वासही नव्हता. मी वाट पाहिली. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या.

मी खुर्ची पुढे ओढली.

"रडतेस कशाला? मीठ आहे ना? दे इकडे."

मी भांडं उचललं. पांढऱ्या चिनीमातीवर लाकडाचा बारीक भुसा बसला होता. त्यात अंगठ्याचा ठसा होता, मधोमध आडवा व्रण. माझ्या बाजूला नव्हता तो. पलीकडच्या बाजूला होता, भांडं कुणी माझ्याकडे ढकलावं तसा.