अर्धं नाव

"आर्याताई, हे कुठल्या माशाचं खवलं गं?" काजूच्या बागेतून धावत आलेल्या वरदनं मूठ उघडली.

"मला काय विचारतोस? नेत्राला विचार!"

नेत्रा हर्णै बंदराची, घरची मासेमारीची होडी असलेली. सुट्टीत ती मैत्रीण आर्या आणि तिचा धाकटा भाऊ वरद यांच्याबरोबर त्यांच्या काकांकडे सावर्ड्याला आली होती. तिनं ते तपकिरी, नखासारखं टणक खवलं उलटसुलट करून पाहिलं. "छे! माशाचं नव्हेच हे. सापडलं कुठं?"

"कुंपणापाशी. काकांनी काल तारेला चिकटून मेलेलं मांजर पुरलं ना, तिथंच!"

"मांजराला खवलं?" नेत्रा खो खो हसली आणि मध्येच गप्प झाली. "वरद्या... खवले मांजर!"

शाळेत बाईंनी सांगितलं होतं : अंगभर माशासारखी खवली, म्हणून खवले, आणि रात्रीचं एकटं, मुकाट फिरतं, म्हणून मांजर म्हणत असावेत. मुंग्या-वाळवी खाऊन जगणारं बिचारं, कुणाच्या अध्यात ना मध्यात!

हरिहरकाका ओसरीवर चहा पीत होते. तळहाताला पट्टी.

"काका, पुरताना खवली लागली का हो?" नेत्रानं अगदी भोळेपणानं विचारलं. "धार असते ना!"

"लागली तर! चांगलं चिरलं..." काका थबकले. चहा बशीत सांडला.

"आम्हाला नुसतं मांजर म्हणालात!" आर्या ओरडली.

"अगं, करंट डुकरांसाठी सोडला होता. हे मध्येच आलं. त्याला मारणं गुन्हा, बोभाटा नको म्हणून..." काका माणूस वाईट नव्हेत हो, पण घाबरले की असं अर्धवट बोलतात.

"मादी होती का?" नेत्रानं विचारलं. "पिल्लू आईच्या शेपटीवर बसतं, काका!"

काकांनी आधी कुंपणाच्या करंटचं बटण बंद केलं, मग तेच पुढं पळाले.

पुरलेल्या जागेवरच्या पाचोळ्यात पिल्लू होतं. मूठभर, मऊ खवल्यांचं. माती उकरून उकरून दमलेलं.

काकांनीच वनखात्याला फोन लावला, स्वतःची चूकही सांगितली. वनरक्षक आले. "शाबास रे पोरांनो! मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्ही केलंत."

"जगेल ना?" वरदनं विचारलं.

"कालपासून उपाशी आहे, बाळा. प्रयत्न करू."

शाबासकीचा कुणालाच आनंद झाला नाही. पिल्लू आर्याच्या हातावर चढलं होतं आणि काही केल्या सोडत नव्हतं.

"उतरतच नाहीये!" वरद म्हणाला.

"आईची शेपटी वाटतेय त्याला," नेत्रा म्हणाली.

आर्याला रडू फुटलं. पण हात तिनं जराही हलवला नाही.