कोरड्या टाकीतलं पाणी

उदगीर आता जिल्हा होणार, या बोलण्यावर व्यंकटराव बिरादारांनी नांदेड रोडला तीन मजली व्यापारी संकुल उभं केलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तळघरात कंबरभर पाणी भरलं. लग्नसराईचा सगळा कपडा भिजला.

मे महिना होता. आठ महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता.

व्यंकटरावांनी नांदेडहून केवळाबाई सोनकांबळेंना बोलावलं. पोलिसांतून निवृत्त झाल्यावर त्या खासगी तपास करत. गाडी चालवायला आणि शंका काढायला चन्नबसप्पा सोबत असे.

पार्किंगखाली मोठी टाकी होती. पावसाचं पाणी त्यात साठवून पंपानं हळूहळू नाल्यात सोडायचं. पंपाचा पाइप कुणीतरी नाल्याकडून वळवून तळघराच्या झरोक्यात खुपसला होता. जोड सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून आवळलेला.

"पण टाकी कोरडी होती," व्यंकटराव म्हणाले.

केवळाबाईंनी एक ओली साडी हुंगली. ब्लीचिंग पावडरचा वास आला.

सुपरवायझर साहेबराव म्हणाला, "मी लातूरला गेलतो, दिवे आणायला. सहाला आलो तर पंप चालू! मीच बंद केला."

फाटकावरची नीलम्मा म्हणाली, "एकला जेवायला गेले, तेवढंच. आले तर फाटकासमोरची धूळ वली व्हती."

"लाईट किती वाजता जाते?" केवळाबाईंनी विचारलं.

"बाराला जाती, चारला येती. रोजचंच हाय."

शेवटी टँकरवाला ज्ञानोबा आला. व्यंकटरावांकडंच खदानीजवळच्या वस्तीला पाणी पुरवायचा ठेका होता.

"काल कुठं होता?"

"चारला ना? पाण्याच्या रांगेत. पन्नास लोक सांगतील."

बाहेर आल्यावर चन्नबसप्पा म्हणाला, "बाई, चारनंतर तर आत कुणीच आलं न्हाई."

"यायची गरजच नव्हती. बोलवा सगळ्यांना."

सगळे जमले.

"लाईट नसताना बटण दाबून ठेवलं," केवळाबाई म्हणाल्या. "चारला लाईट आली, पंप आपोआप सुरू झाला. पाणी दिसलं सहाला. मी वेळ विचारलीच नव्हती. ज्ञानोबा, तुम्ही चार म्हणालात. टँकरची नळी गळली की तुम्ही लोक ट्यूबचीच पट्टी आवळता. आणि एकला फाटकासमोर धूळ भिजवणारं दुसरं काय आलं होतं? व्यंकटराव, ब्लीचिंग टाकलेलं ते पाणी वस्तीचं. ते तुम्ही बांधकामासाठी टाकीत दडवत होतात."

केवळाबाई ज्ञानोबाकडं वळल्या.

"तुम्ही हे का केलंत, ज्ञानोबा?"

"माझं घर त्याच वस्तीत हाय. धोंडाबाई, माझी बायको, घागर घेऊन वाट बघायची. मालकाच्या हुकमानं मी टँकर तिच्यासमोरनं हिकडं आणायचो. एक दिस ती पाण्यासाठी खदानीत उतरली. पाय घसरला, परत आलीच न्हाई." त्याचा आवाज चढला नाही. "हे पाणी तिचं व्हतं. ते ह्याच्या घशात घातलं. पोट अजून भरलं न्हाई माझं."

व्यंकटराव घाईनं म्हणाले, "जाऊ द्या बाई. तक्रार नको. ज्ञानोबा, तुला माफ केलं."

"माफी कुणी मागितली? मीच ठाण्यात चाललो. टाकीत पाणी कुठनं आलं, ते लिहून घेतल्याबिगर माझा गुन्हा लिहिताच येत न्हाई."

तो उन्हात चालू लागला. व्यंकटराव अनवाणी मागं धावले, "अरे थांब, ऐक तर!" त्यानं वळून पाहिलं नाही.

केवळाबाईंनी गाडी त्याच्याजवळ थांबवायला लावली आणि मागचं दार उघडलं.

"बसा ज्ञानोबा. ठाणं लांब आहे."